फळ्यावरचं पुसता येतं

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. नोकरीला २२ वर्षं झाली. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी नव्या सरांकडे.

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ करून पाठवायची. एकदा दुसरीच्या गणितात पुस्तकात आहे तसं 'वीस दोन' म्हटलं. एका पालकाने ग्रुपवर लिहिलं, 'मॅडमना बावीस म्हणता येत नाही का?' खाली हसणारे चेहरे. त्यानंतर तीन मिनिटांचा व्हिडिओ मी अकरा-अकरा वेळा करायला लागले. शाळा सुरू झाल्या की सगळं पूर्वीसारखं होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही. आता ग्रामपंचायतीने वर्गात पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, बसवून दिलंय. ते चालू करायला मी चौथीतल्या एका मुलाला हाक मारते. पावसाची सुट्टी पडली की ग्रुपवर अभ्यास टाकायचा असतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

नवे सर २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून, आले. त्यांना हे सगळं हातचा मळ आहे. ते मला अधूनमधून विचारतात, तुमच्या वर्गात पहिलीची पोरंसुद्धा न सांगता कामाला कशी लागतात? पण ते मला बरं वाटावं म्हणून विचारत असतील. २०२० मध्ये माझ्याकडे पहिलीत असलेली मुलं आता मोठ्या शाळेत गेलीत. त्यातली काही अजून अडखळत वाचतात असं कानावर येतं. ते पाप माझंच ना?

आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, मला पॅनेलवर पाठ घ्यायला सांगितलंय. नाही म्हणू का? स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. मला आता शिकवताच येत नाही असं वाटतं. कृपया नाव छापू नका.

उत्तर:

प्रिय बाई,

नाव नको म्हणालात म्हणून बाई म्हणते. आपल्या मराठी शाळांत हीच हाक मला अजून सगळ्यात जवळची वाटते.

आधी 'वीस दोन'चं बोलू. तो प्रसंग तुम्ही दोन-तीन ओळींत उरकलात, पण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालेलं मला दिसतं. २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं, त्यात संख्यावाचनाची ही रीत होती. आपण बावीस लिहिताना आधी दशक लिहितो आणि बोलताना आधी एकक बोलतो. त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव असे शब्द तर सात वर्षांच्या मुलाच्या जिभेवर लवकर बसत नाहीत. म्हणून जुन्या शब्दांच्या जोडीला हा सोपा पर्याय दिला होता. त्यावरून वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला, विषय विधानसभेपर्यंत गेला आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्यामागचा विचार पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागला. एवढ्या मोठ्या गणितज्ञ बाईंना जे लोकांच्या गळी उतरवणं जड गेलं, ते तीन मिनिटांच्या व्हिडिओत तुमच्याकडून झालं नाही. तुम्ही चुकला नव्हतात. पुस्तकाबरहुकूम शिकवत होतात.

हाच पालक वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला असता, तर तुम्ही काय केलं असतं? काड्यांचे दोन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मुलाच्या हातात दिल्या असत्या. पोरगं स्वतःच म्हणालं असतं, 'दहा, वीस, आणि दोन.' पालक गप्प झाला असता, कदाचित हसून दोन शब्द बोललाही असता. वर्गात शिक्षकाला दुसरी संधी मिळते, तिसरीही मिळते. फळ्यावर चुकलेलं डस्टर फिरवून पुसता येतं आणि दुपारी ते कुणाच्या लक्षातही नसतं. फोनवर गेलेलं मात्र तसंच राहतं, चार गावांत फिरतं, रात्री आपणच ते पुन्हा काढून पाहतो. आपला आवाज, आपला चेहरा, मागे दिसणारे घरातले दोरीवरचे कपडे, सगळंच नको वाटायला लागतं. अकरा वेळा व्हिडिओ करणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हतात. मी तेव्हा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी, होते आणि केंद्रातल्या बाया मला रात्री दहाला फोन करून रडायच्या.

आता थोडं पुस्तकातलं सांगते, कारण ते मला स्वतःला उपयोगी पडलं. 'हे मला जमेल' हा भरवसा माणसात येतो कुठून, यावर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडणी केली. त्याच्या मते सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतः केलेलं आणि जमलेलं काम. मग आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. मग ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाचा शब्द. आणि शेवटी आपलं शरीर: धडधड, घाम, थकवा यांचा आपण लावलेला अर्थ.

पहिलीच्या बाईला काम जमल्याचं कळतं कशावरून? परीक्षेच्या तक्त्यावरून कळायला महिने जातात. रोजचं कळतं ते मुलाच्या चेहऱ्यावरून. कपाळावरची आठी सुटते, बोट अक्षराखालून पुढे सरकतं, शेजारच्याला कोपर मारून 'मला आलं' म्हणून सांगितलं जातं. तुम्हाला गेली कित्येक वर्षं दिवसातून पन्नास वेळा ही पावती मिळत होती. मार्च २०२० मध्ये ती अचानक बंद झाली. तुम्ही धडा पाठवायचात आणि उत्तर म्हणून दोन निळ्या खुणा यायच्या. तुमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. फोन बापाच्या खिशात, बाप बागेत, मूल बांधावर. रात्री नऊला कुणीतरी तो व्हिडिओ लावला तर लावला. मुलाला कळलं का, हे तुम्हाला कोण सांगणार होतं?

म्हणून मला असं दिसतं, बाई, की तुमचं शिकवणं कुठे गेलेलं नाही. ते जमतंय याची पावती दीड-पावणेदोन वर्षं आली नाही. पावती आली नाही म्हणजे माल पोचलाच नाही, असा हिशेब मनाने करून टाकला.

हे वयामुळे झालं असं तुम्हाला वाटत असेल, तर एक गोष्ट सांगते. २०२० च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ३६१ शिक्षकांना त्यांच्या आत्मविश्वासाबद्दल विचारलं. शिकवणं आणि मुलांना गुंतवून ठेवणं, या दोन्हींत तो आधीच्या अभ्यासांपेक्षा कमी निघाला. पूर्ण ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा सगळ्यात कमी. नोकरी किती वर्षं झाली, आधी पुरस्कार मिळाला होता का, याने काहीही फरक पडलेला दिसला नाही. तिकडे घरोघरी लॅपटॉप असूनही हे झालं. तुमच्या पाड्यावर तर एक काडी नेटवर्क यायला टेकडी चढावी लागत असेल.

इथे मला माझ्याबद्दलही काही सांगायचं आहे. त्या काळात मी रोज संध्याकाळी पाचला केंद्राच्या ग्रुपवर विचारायची: आज किती विद्यार्थ्यांशी संपर्क झाला, किती जणांनी चाचणी सोडवली, लिंक भरली का. वरून मागणी यायची आणि मी ती खाली ढकलायची. एकाही बाईला मी विचारलं नाही की आज कोणतं मूल काय म्हणालं. आकडा कमी असला की मी नाव घेऊन लिहायची, सगळ्यांसमोर. बटणं कोणती दाबायची याची प्रशिक्षणं आम्ही भरपूर घेतली. सात वर्षांचं मूल फोनवरून ऐकतं तरी कसं, याचं एकही घेतलं नाही. तुमच्यासारख्या बायांचा भरवसा खचण्यात माझ्यासारख्यांचा हात होता. हे लिहिताना मला जड जातंय, पण ते खरं आहे.

आता तुम्ही ज्याला पाप म्हणालात त्याकडे येते. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलाची सबंध पहिली आणि दुसरीचं पहिलं सत्र शाळेशिवाय गेलं. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले. अक्षर ओळखण्याचं, धरून वाचण्याचं जे नेमकं वय, ते घरात गेलं. ही मुलं अडखळतात याचं मलाही दुःख आहे, पण शाळा तुम्ही बंद केली नव्हती. आणि पुढचंही ऐका. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे गावोगावी तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतली किती मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात ते पाहतात. २०१८ मध्ये ती २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये घसरून १६.३ झाली. २०२४ मध्ये २३.४ वर गेली, म्हणजे बंदच्या आधी होती त्याच्याही वर. समाधान मानावं एवढा हा आकडा नाही, चारातलं एक मूलसुद्धा नाही. पण दोन वर्षांत ते वर आणलं कुणी? वर्ग उघडल्यावर पहिली-दुसरीला धरून बसलेल्या बायांनी आणि गुरुजींनी. त्यात तुम्हीही होतात. घसरण स्वतःच्या नावावर लिहिलीत आणि चढणीच्या वेळी वहीच मिटलीत, हे मला मान्य नाही.

मोठ्या शाळेतली ती दोन-चार मुलं मनाला लागून राहिली असतील, तर तिथल्या शिक्षकांना एक फोन करा. कोणतं मूल कुठे अडत होतं हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही आणि ती माहिती त्यांना आजही उपयोगी पडेल.

नव्या सरांच्या प्रश्नावर मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. न सांगता पहिलीची पोरं कामाला कशी लागतात, असं ते विचारतात, आणि तुम्ही ते सहानुभूतीच्या खात्यात टाकलंत. बाई, दोन वर्षांच्या शिक्षकाला रात्री झोप न येऊ देणारा प्रश्न हाच असतो. दोन इयत्ता एका खोलीत, तिसरीला समजावताना चौथी हातातून जाते, चौथीकडे वळलं की तिसरीत मारामारी. पॅनेल त्यांना येतं, हे त्यांना येत नाही. ते खरंच विचारत आहेत. तुम्ही पहिलीला मण्यांचं काम देऊन दुसरीला वाचायला कशा घेता, परिपाठानंतरची पहिली दहा मिनिटं कशी ठेवता, कोणत्या मुलाला कुणाजवळ बसवता, हे त्यांना एक तास बसवून दाखवा. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं त्यांनी तुम्हाला पॅनेल दाखवावं. कुणी कुणावर उपकार करत नाही, असा हा व्यवहार होईल.

पॅनेलचं मी फक्त तीन गोष्टींपुरतं बघा म्हणेन. चालू-बंद करणं, पेन ड्राइव्हमधला व्हिडिओ लावून तो मध्येच थांबवणं, आणि बोटाने लिहून पुसणं. बाकीचं शिकायची आज गरज नाही. नेटवर्कवर अवलंबून राहू नका. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं, ते तालुक्याला गेलात की करा. आणि चौथीतल्या त्या मुलाला हाक मारणं लगेच बंद करायला हवं असंही नाही. फक्त त्याला सांगा, 'तू बाजूला उभा राहा, मी करते, चुकलं तर सांग.' बाईंना शिकवायला मिळालं म्हणून त्याची छाती फुगेल. बाई शिकताना दिसणं मुलांसाठी वाईट नसतं.

यात सगळ्यात कामाचं आहे ते थांबवण्याचं बटण. व्हिडिओ सरळ चालू राहिला की बंदच्या काळासारखंच होतं: पडदा बोलतो, मुलं बघतात, कळलं की नाही ते तुम्हाला कळत नाही. चाळीस सेकंद झाली की थांबवा. 'आता काय होईल?' असं विचारा आणि मुलांकडे वळा. तुम्हाला हवी ती पावती तिथे मिळते. पडद्याला प्रश्न विचारता येईलही, पण मागच्या बाकावरचा मुलगा ओठ हलवतोय आणि आवाज काढत नाहीये, हे त्याला दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

पावसाच्या सुट्टीच्या अभ्यासासाठी व्हिडिओ करूच नका, निदान या वर्षी. आवाजाची एक मिनिटाची नोंद पाठवा, जशा वर्गात बोलता तशी, तुमच्या भागातल्या बोलीतले शब्द येऊ देत. 'घरात पाच गोल वस्तू शोधा आणि आईला नावं सांगा', एवढंच. चेहरा नको, एडिटिंग नको, एकदाच बोलायचं आणि पाठवायचं. चुकलात तर पुढच्या नोंदीत दुरुस्त करा. आणि परत मागायचं ते फोटो किंवा सह्या नव्हेत, मुलाचा आवाज मागा. दहापैकी तीन आले तरी तीन पावत्या आल्या.

आणखी एक काम सांगते. याला सहा आठवडे लागतील आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आहे. वर्गातली पाच मुलं निवडा, हुशार नव्हेत आणि अगदी मागे पडलेलीही नव्हेत, जी आज-उद्या वाचायला लागतील अशी. एकच गोष्ट धरा, समजा काना-मात्रेचे दोन-तीन अक्षरी शब्द. रोज पंधरा मिनिटं. एक साधी वही करा आणि त्यात 'मी काय घेतलं' ते लिहूच नका, त्यासाठी पाठाचं टाचण आहे. मुलाने काय केलं ते लिहा, तारीख घालून. 'आज पाणीला पानी म्हणाली, मग स्वतःच थांबून पुन्हा वाचलं.' 'आज फळ्यावरचं न विचारता वाचलं.' एका ओळीपेक्षा जास्त नको. ही वही कुणाला दाखवायची नाही, कुठल्या लिंकवर भरायची नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिलं पान उघडून बघा. तुम्हाला शिकवता येतं की नाही याचं उत्तर मी देऊन उपयोग नाही, ते त्या वहीत तुमच्याच अक्षरात असलं पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. शाळा बंद असताना सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, त्याच्या बातम्या मी कात्रणं काढून ठेवल्या. पण आज, या अवस्थेत, तुम्ही अशा मोठ्या कामांचे व्हिडिओ बघत बसू नका. आपल्यासारख्याला जमलेलं पाहिलं की बळ येतं, फार पुढे गेलेल्याकडे पाहून कधीकधी आहे तेही बळ जातं. केंद्रातच तुमच्या वयाची, चाळिशी लावून फोनकडे बघणारी एखादी बाई असेल, जिने धडपडत का होईना पॅनेलशी जमवून घेतलंय. तिच्या वर्गात अर्धा दिवस बसा.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज फाडा असं मी म्हणणार नाही. गुडघे, घर, नातवंडं, मनाला आलेला थकवा, यांपैकी कशासाठीही माणूस निवृत्त होऊ शकतो आणि त्यात कमीपणा नाही. फक्त 'मला शिकवता येत नाही' या कारणासाठी तो अर्ज देऊ नका, कारण ते कारण खोटं आहे. वही सहा आठवडे भरा, मग अर्ज पुन्हा वाचा. छातीत धडधड होऊन झोपच उडत असेल, तर मात्र सहा आठवडे थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लागलं तरी जा.

आणि शिक्षण परिषदेचा पाठ. घ्या. पण तुमच्या पद्धतीने घेऊ द्या असं केंद्रप्रमुखांना आधीच सांगा. पाठाची सुरुवात पॅनेल बंद ठेवून करा. काड्यांचे गठ्ठे मुलांच्या हातात द्या, बावीस मोजू द्या, 'वीस आणि दोन' त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग पॅनेल लावा, चाळीस सेकंदांचं काहीतरी दाखवा, थांबवा, विचारा. मग पुन्हा बंद. पाठ झाल्यावर चर्चेत कुणी 'पॅनेलचा वापर कमी झाला' म्हटलं तर सांगा की मुलांकडे बघायला वेळ ठेवला होता. नव्या सरांना मागे बसवून ठेवा. काही अडलं तर ते उठतील, आणि नाही अडलं तर तुमच्या पहिलीकडे ते नीट बघून घेतील, त्यांना ते हवंच आहे.

दुसरा घटक घेणार असाल तरी चालेल. ठरलं की टाचण माझ्याकडे पाठवा, मी पाहून देते.